रक्तवाहिन्यांची निगा आणि म्हातारपणचा विसर



या पानावर मी नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेतो. आज विषय वेगळा आहे. तरीही बघायला गेलं तर तो पाण्याचा आणि निचऱ्याचाच आहे. फक्त रान उसाचे नसून आपल्या डोक्यातले आहे.

निमित्त असे झाले. गेल्या हंगामात आपल्याच एका गट ऑफिसात एक वयस्क सभासद सकाळी आले आणि तोडीची तारीख विचारून गेले. तासाभराने परत आले, तोच प्रश्न. दुपारी पुन्हा तोच. तिसऱ्या वेळी टेबलाभोवतीची पोरे हसायला लागली. बरोबर आलेला त्यांचा मुलगा ओशाळून म्हणाला, "साहेब, आमच्या दादांचं डोस्कं आता चालंना झालंय. वयच झालं." मला हसू आले नाही. कारण "वयच झालं" हेच वाक्य मीही माझ्या वडिलांबद्दल चार वर्षे म्हणत होतो.

१. माझ्या घरची गोष्ट

मी मूळचा मालवण तालुक्यातील तोंडवलीचा. नोकरीनिमित्त घाटावर आलो आणि उसात रमलो. आमचे गाव समुद्राकाठी. पुढे तळाशीलकडे गेले की एका हाताला समुद्र आणि एका हाताला खाडी. वडिलांची थोडी माडांची बाग होती आणि रापणीत वाटा होता. कोणत्या माडाला किती नारळ धरतात हे त्यांना तोंडपाठ. कागद-पेन्सिल कधी लागली नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी गावातल्या तपासणी शिबिरात त्यांचे ब्लडप्रेशर १७०/१०० निघाले. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभराने चतुर्थीला मी घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "माका आता बरा वाटता. मगे गोळी कित्याक खायची?" मी म्हणालो, "बरं वाटतंय ना, मग राहू दे."

बंधूंनो, मी काय बोललो ते बघा. नत्राचा पहिला हप्ता दिल्यावर ऊस हिरवागार दिसला म्हणून तुम्ही पुढचे हप्ते थांबवलेत, तर बांधावर उभा राहून तुम्हाला बोलणारा माणूस मी. उसाला नत्र चार हप्त्यांत का द्यायचे हे सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. आणि बापाला मात्र मी पहिल्या हप्त्यावरच थांबवले.

अकरा वर्षांनी एका सकाळी त्यांची जीभ जड झाली. दुपारपर्यंत बोलणे पूर्ववत झाले, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. त्यानंतर दोनेक वर्षांत ते नावे विसरू लागले. मग बागेतला रस्ता चुकू लागले. शेजारीपाजारी कोणी करणी म्हणाले, कोणी म्हातारचळ म्हणाले. शेवटी एका मे महिन्यात मी अंगणात बॅग ठेवली. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि अगदी आदबीने विचारले, "तू कोणाचो झील?"

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. आत लहान लहान जुने मेलेले ठिपके पुष्कळ होते आणि आठवणींचा भाग आक्रसला होता. ते म्हणाले, "दोन आजार एकत्र असावेत. एक अल्झायमरचा आणि एक रक्तवाहिन्यांचा. दोघे एकमेकांना हात देतात." हे हात देणे म्हणजे काय, ते समजून घेण्यासाठी मी नंतर बरेच वाचले, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारले. मी डॉक्टर नाही, शेतीची पदविका घेतलेला माणूस आहे. म्हणून शेतीच्याच भाषेत सांगतो.

२. हा आजार कोणता?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे हा आजार नव्हे. चष्मा हातात घेऊन तो कशासाठी असतो हे न कळणे, हा आजार. आठवण, हिशेब, बोलणे, ओळख या गोष्टी रोजचे जगणे अडावे इतक्या ढासळल्या की त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. स्मृतिभ्रंश हे लक्षण झाले. उसाची पाने पिवळी पडण्याला जशी अनेक कारणे असतात, तशी त्यालाही आहेत. त्यातले सर्वांत मोठे कारण अल्झायमरचा आजार आणि त्याच्या खालोखाल रक्तवाहिन्यांचा बिघाड.

आलोईस अल्झायमर हे जर्मन डॉक्टर. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या दवाखान्यात ५१ वर्षांची एक बाई त्यांच्याकडे आली. तिला स्वतःचे नाव धड लिहिता येत नव्हते. १९०६ मध्ये ती वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना पेशींच्या बाहेर साचलेला गाळ आणि पेशींच्या आत झालेला गुंता दिसला. गाळाला आज अमायलॉइड म्हणतात आणि गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा असतो. १९१० मध्ये या आजाराला डॉक्टरांचे नाव मिळाले. एक गोष्ट मात्र पुढे बरीच वर्षे मागे पडली. त्या पहिल्या रोग्याच्या मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्याही कठीण झालेल्या आहेत, अशी नोंद त्याच डॉक्टरांनी केली होती.

हा आजार हुशार-अडाणी, गरीब-श्रीमंत बघत नाही. कोकण रेल्वे प्रत्यक्षात आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते जॉर्ज फर्नांडिस अनेक भाषांत सभा गाजवत. अखेरची बरीच वर्षे त्यांना अल्झायमरने घेरले होते. २९ जानेवारी २०१९ रोजी ते वारले. देशभर केलेल्या एका पाहणीवरून २०२३ मध्ये असा अंदाज प्रसिद्ध झाला की भारतात साठीच्या पुढच्या दर १०० माणसांत सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण आकडा सुमारे ८८ लाख. आपल्या सभासद यादीतले साठीपुढचे किती, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे.

३. पाट, टेल आणि निचरा

मेंदूचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो, म्हणजे अंगाच्या शंभरातला दोनवा हिस्सा. पण हृदय जे रक्त बाहेर टाकते त्याचा पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका वाटा एकटा मेंदू घेतो. इतके पाणी मागणारे दुसरे पीक शरीरात क्वचितच सापडेल. आणि मेंदूत साठवण तळे नाही. पाळी चुकली की काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

आता पाटाचे गणित बघा. मुख्य कालव्याच्या तोंडाशी रान असेल त्याला पाण्याची काळजी नसते. रडतो तो टेलचा शेतकरी. पाटात गाळ साचला, बांध फुटला, की पहिले पाणी तुटते ते टेलला. मेंदूच्या आतल्या खोल भागाला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या लांब आणि केसासारख्या बारीक असतात. तो भाग म्हणजे मेंदूचे टेल. वाढलेले ब्लडप्रेशर वर्षानुवर्षे या बारीक वाहिन्यांवर आदळत राहते. त्यांच्या भिंती जाड होतात, कठीण होतात, आतले भोक लहान होते. जास्त साखर आणि तंबाखू भिंती खरबडतात, रक्तातली वाईट चरबी त्यात थर धरते. मग टेलचे एखादे वाफ्याएवढे रान वाळते. माणसाला तेव्हा कळतही नाही. ना लकवा, ना चक्कर. मेंदूच्या फोटोत मात्र ठिपका दिसतो.

हे झाले पाणी देण्याचे. पण उसाला पाण्याइतकाच निचरा लागतो, हे आपल्या भागात कोणाला शिकवायला नको. पाणी भरपूर असूनही जमिनी क्षारपड झालेल्या आपण पाहिल्या आहेत. जमिनीत क्षार थोडे असतातच. पण चर बुजले, निचरा थांबला, की ते वर येऊन पांढरे फुटतात. मेंदूतल्या अमायलॉइडचेही तसेच आहे. तो प्रत्येकाच्या मेंदूत तयार होतो आणि निरोगी मेंदू तो बाहेर टाकत राहतो. बाहेर टाकण्याच्या वाटांपैकी महत्त्वाच्या वाटा रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून आणि भिंतीच्या कडेने जातात. नाडीच्या ठोक्याबरोबर वाहिनी फुगते-आकसते आणि त्या हालचालीने हा निचरा पुढे सरकायला मदत होते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. वाहिनी पाइपासारखी कठीण झाली की ही मदत कमी पडते आणि गाळ मागे राहतो. उलट बाजूनेही नुकसान होते. हाच गाळ वाहिनीच्या भिंतीत बसला की भिंत ठिसूळ होते. म्हणजे पाट बिघडला म्हणून रान क्षारपड, आणि क्षाराने पाटाचे अस्तर खराब. डॉक्टरांनी सांगितलेले हात देणे ते हेच.

एक खुलासा इथेच करतो. प्रत्येक अल्झायमर रक्तवाहिन्यांमुळे होतो असे नाही. वय हे सर्वांत मोठे कारण आणि ते कोणाच्या हातात नाही. काही घराण्यांत अनुवंश असतो. निगा राखूनही कोणाला हा आजार होईल. पण लागण सारखी असली तरी निचऱ्याच्या रानातले पीक तग धरते आणि पाणथळ रानातले बसते, एवढा फरक नक्की पडतो.

४. पुरावा काय?

सभासदांना नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तीन दाखले देतो.

पहिला अमेरिकेतला. तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी मरणोत्तर आपले मेंदू अभ्यासासाठी दिले. त्यांचे राहणे-खाणे एकाच पद्धतीचे, म्हणून तुलना सोपी. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ज्यांच्या मेंदूत अल्झायमरचा गाळ भरपूर होता अशा ६१ जणी होत्या. त्यांपैकी ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात रक्त तुटल्याचे एक-दोन बारीक ठिपकेही होते, त्यांच्यातल्या शंभरी ९३ जणींना जिवंतपणी स्मृतिभ्रंश झाला होता. ज्यांच्यात असे ठिपके नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण शंभरी ५७. गाळ तोच, पण टेल वाळले की घर बसते.

दुसरा दाखला चीनच्या खेड्यांतला, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला. ३२६ गावांतल्या सुमारे ३४,००० माणसांना ब्लडप्रेशर होते. निम्म्या गावांत गावच्याच वैद्यकीय सेवकांनी चार वर्षे नेटाने ते ताब्यात ठेवले, उरलेल्या गावांत नेहमीसारखेच उपचार चालू राहिले. नेटाने उपचार झालेल्या गावांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्के कमी निघाले. मोठ्या शहरातला मेंदूचा डॉक्टर लागला नाही. पट्टा, गोळी आणि पाठपुरावा लागला.

तिसरा दाखला जगभरच्या तज्ज्ञांच्या मंडळाचा. २०२४ च्या त्यांच्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली आहेत. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाईल, असा त्यांचा हिशेब आहे. चौदांपैकी निम्मी कारणे थेट रक्तवाहिन्यांशी जोडलेली आहेत : वाढलेले ब्लडप्रेशर, मधुमेह, रक्तातली वाईट चरबी, धूम्रपान, लठ्ठपणा, हालचाल न करणे आणि अति दारू.

५. जवळची दोन उदाहरणे

नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात ब्लडप्रेशर नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते : भंडारा, सातारा, वर्धा आणि आमचा सिंधुदुर्ग. त्यात नवीन यंत्र किंवा नवीन औषध काही नव्हते. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकसारखी उपचारपद्धत, गोळ्यांचा साठा न तुटणे, प्रत्येक रोग्याची नोंद आणि न आलेल्या रोग्याचा शोध, एवढेच. आपण ऊसनोंदीचे जे रजिस्टर ठेवतो तोच प्रकार. हे वाचले तेव्हा वाटले, असे रजिस्टर माझ्या वडिलांच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी असते आणि कोणी दारात येऊन "काका, गोळी का बंद केली?" असे विचारले असते तर? पण तो प्रश्न मुलाने विचारायला हवा होता. रजिस्टरची वाट बघायची गरज नव्हती.

दुसरे उदाहरण शेजारच्या गोव्याचे. आजार झाल्यावर घरच्यांनी काय करायचे, याचा तिथे अभ्यास झाला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ८१ कुटुंबे निवडली होती. साधे प्रशिक्षण घेतलेले सेवक ठरावीक दिवसांनी घरी जात, आजार म्हणजे काय ते समजावत, रोग्याच्या चिडण्या-भटकण्याला कसे सांभाळायचे ते सांगत. रोगी बरे झाले नाहीत, पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. आपल्याकडे हा सगळा भार घरच्या सुनेवर किंवा म्हातारीवर पडतो. तिला "तू चुकत नाहीस, हा आजार आहे" असे सांगणारा कोणी असला तरी निम्मे ओझे उतरते.

६. सभासदांनी काय करावे?

(अ) दर लागणीपूर्वी माती परीक्षण करतो, तसे तिशीनंतर दरवर्षी ब्लडप्रेशर आणि साखर तपासून घ्या. चाळिशीनंतर चुकवूच नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात ही तपासणी होते. १४०/९० किंवा जास्त आकडा पुन्हा पुन्हा आला तर उपचार लागतो. त्रास होत नाही म्हणून आजार नाही असे समजू नका. हुमणी मुळाशी असते तेव्हा शेंडा हिरवाच दिसतो.

(आ) गोळी आपल्या मनाने बंद करू नका, वाढवू नका, शेजाऱ्याची खाऊ नका. फार वयात दाब जास्त उतरणेही बरे नाही. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा. हप्ता बदलणे त्यांचे काम.

(इ) मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, खर्डा, फरसाण सगळे आले. कोकणातल्या पाहुण्यांसाठी : खारवलेला बांगडा आणि सुके मासेही त्यातच मोजायचे.

(ई) तंबाखू, विडी, मशेरी सोडा. बायकांची मशेरी कोणी तंबाखूत धरत नाही, पण ती तंबाखूच आहे.

(उ) मोटरसायकल बांधापर्यंत नेण्याची सवय कमी करा. रानातून चालत फेरी मारा. ऊसही दिसेल आणि पायही चालतील.

(ऊ) ऐकू कमी येणे, एकटे बसणे ही दोन्ही त्याच चौदांत आहेत. कानाचे यंत्र लाजण्याची वस्तू नाही. म्हाताऱ्या माणसाला पारावर, सभेला, भजनाला घेऊन जा.

(ए) तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही अचानक झाले तर ते आपोआप बरे झाले तरी त्याच तासाला मोठा दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

(ऐ) विसर वाढतो असे वाटले तर रोग्याला समजते आहे तोवर व्यवहाराची कागदपत्रे नीट करा. भागांना वारसदाराची नोंद, उसाचे बिल जमा होणारे खाते, सातबारा बघून ठेवा. पुढे सही घेताना भांडणे होतात.

७. शंका-समाधान

प्रश्न : विसर सुरू झाल्यावर ब्लडप्रेशर सांभाळून उपयोग काय?
उत्तर : गेलेले परत येत नाही. पण नवे ठिपके पडण्याचा धोका कमी होतो. पीक थोडे वाळले म्हणून उरलेल्याचे पाणी आपण तोडत नाही.

प्रश्न : यावर औषध निघाले आहे म्हणतात?
उत्तर : मेंदूतला गाळ काढणारी औषधे अलीकडे निघाली आहेत. ती आजार बरा करत नाहीत, सुरुवातीच्या अवस्थेत थोडा मंद करतात. गाळ वाहिनीच्या भिंतीतही असल्याने काहींच्या मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो, म्हणून वारंवार तपासणी लागते. वाहिन्या आधीपासून सांभाळणे यापेक्षा स्वस्त.

प्रश्न : घरात एकाला झाला म्हणजे मुलांना होणारच का?
उत्तर : होणारच असे नाही. धोका थोडा वाढतो. म्हणून मुलांनी तपासणी लवकर सुरू करावी.

हा शेवटचा प्रश्न माझाच होता. वडील गेल्यावर बाराव्याला गावी होतो. तेव्हा उपकेंद्रात जाऊन मी पट्टा बांधून घेतला. आकडा १५२/९६ आला. अंगात काही त्रास नव्हता, झोप नीट, भूक नीट. आज सकाळच्या चहाबरोबर गोळी घेतो आणि कॅलेंडरवर खूण करतो. बायको महिन्याच्या शेवटी खुणा मोजते, शेतकी ऑफिसात आम्ही नोंदी मोजतो तशी.

गट ऑफिसातल्या त्या दादांचा मुलगा मला नंतर भेटला. दादांचे ब्लडप्रेशर कधी बघितले होते का, असे मी विचारले. तो म्हणाला, "दवाखान्याची पायरी चढलं न्हाईत कधी. तब्येत पैलवानासारखी." मी त्याला सांगितले, दादांना तर घेऊन जाच, पण स्वतःचेही बघून घे. त्याचे वय बेचाळीस. पुढच्या आठवड्यात बेण्याची चौकशी करायला आला तेव्हा खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. दोघांचेही आकडे त्यावर होते आणि दोघांनाही गोळी सुरू झाली होती.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, या महिन्यात लागणीच्या नोंदीला गट ऑफिसात याल, तेव्हा वाटेत आरोग्य केंद्रात पाच मिनिटे थांबा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणा. आणि त्यांनी तीच तारीख तीनदा विचारली तर आमच्या माणसांनी तीनदा सांगावी. तशी सूचना मी माझ्या सर्व गटांना दिली आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी